हातगुण

हौसा कळशी घेऊन पऱ्यावर पाण्याला गेली आणि सोनूबाईने पडवीच्या कठड्यावरची सुनेची बरणी उचलून पुढ्यात घेतली.

काचेच्या आत पऱ्यातले चिमुकले मासे फिरत होते. तळाशी जांभ्या दगडाचा तुकडा, आणि त्याला घट्ट धरून बसलेलं हिरवंगार पाणझाड. एक नवं पान फुटत होतं, टोकाशी मुरडलेलं. शेजारी सोनूबाईची स्वतःची बरणी. ती तिने सकाळीच घासून, ताजं पाणी भरून ठेवली होती. आत काहीच नव्हतं.

गणपतीला महिपत मुंबईहून आला तेव्हा शेटच्या बंगल्यातल्या माशांच्या काचपेटीतलं हे झाड घेऊन आला होता. एक तुकडा आईला, एक बायकोला.

"आये, मातीत पुरू नको. दगडाला बांध नि सोडून दे. लय सावकाश वाढतं."

सोनूबाई नुसती हसली. तिने खोचलेली वाळकी काडीसुद्धा धरते, असं सारी वाडी म्हणे. तिच्या हातची अबोलीची रोपं न्यायला देवरुखाहून बाया येत. तिला लावणी शिकवणार हा काल जन्मलेला पोर? तिने बरणीत चांगली शेणखताची माती भरली, तुकडा दाबून बसवला, आणि मूळ धरलं का म्हणून रोज उकरून पाहिला. तो कुजला. सुनेने दगडाला बांधलं आणि पुन्हा हात लावला नाही.

"हौसाचा हातगुण चांगला हो," काल शेजारची चिमा म्हणाली. सोनूबाईच्याच पडवीत बसून, तिचाच पानाचा डबा ओढून घेऊन म्हणाली.

आणि महिपत उद्या शिमग्याला येणार. आगबोटीतून उतरून घरी आला की आधी बरण्या बघणार.

सोनूबाईने पाण्यात हात घालून दगड बाहेर काढला. मुळाची एक कांडी नखाने तोडली. तिच्याबरोबर दोन पानं आली. एवढ्याने कुणाला काय कळतंय? आता ही सकाळीच शोधून ठेवलेल्या आपल्या दगडाला बांधायची. सुनेने बांधलं कशाने ते बघायला तिने दगड उजेडात धरला.

केस होता. लांब, काळाभोर, दगडाला वेढे घालून गाठ मारलेला.

सोनूबाईने पदर मागे सारला आणि आपल्या डोक्यातला एक केस उपटला. पांढरा. वेढा पुरा व्हायच्या आत तुटला. दुसरा उपटला, तोही तुटला. तिसऱ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्याबाई, काय करताव?"

हौसा पायरीवर उभी होती. तिने दोन्ही दगड पाहिले, तोडलेली पानं पाहिली, सासूच्या बोटाला चिकटलेला पांढरा केस पाहिला. कमरेवरची कळशी खाली ठेवली. मग अंबाडा सोडून ती सासूकडे पाठ करून बसली.

"घ्या. लांबसा बघून काढा."

सोनूबाईचा हात त्या केसांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"नको गो," ती म्हणाली. "तुझा केस वळखील तो."