डाव्या खांद्याचा फोटो

"सही कुठे करायची तेवढं सांगा," लेक म्हणाली. पेन तिने आधीच उघडलं होतं.

हाडांच्या डॉक्टरबाईंनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद काही पुढे केला नाही. तिचे बाबा खाटेवर उजवा हात झोळीत अडकवून बसले होते. चार दिवसांपूर्वी छताला गिलावा करताना ते परांचीवरून पडले आणि उजवा फरा, म्हणजे खांद्यामागचं ते चपटं हाड, मोडलं. हात डोक्यावर गेला नाही तर त्यांचं गवंडीकाम संपलं. आणि काम संपलं की हा माणूस घरात बसून भिंतींशी भांडणार, हे लेक पुरतं ओळखून होती.

ती स्वतः सुतारकाम करायची. तडा गेलेली फळी पट्टी नि स्क्रू मारल्याशिवाय तिने उभ्या जन्मात कुणाला दिली नव्हती.

"सांधाच फुटला असता तर मीच पट्टी बसवली असती," डॉक्टर म्हणाल्या. "पण हे हाड दोन्ही बाजूंनी मांसात गुंडाळलेलं असतं. तुकडे फारसे हललेले नाहीत. थोडे दिवस झोळी, मग व्यायाम. आपलं आपण जुळेल."

"आपलं आपण फक्त धूळ साचते, डॉक्टर."

डॉक्टर हसल्या. तुलनेसाठी धडधाकट खांद्याचाही एक्स-रे फोटो काढायची त्यांची रीत होती. डाव्या खांद्याचा फोटो नुकताच आला होता. तो उजेडावर लावला आणि त्या आणखी जवळ वाकल्या. फऱ्याच्या मधोमध एक जाड, वाकडी रेघ होती. जुनी मोड, कुणीही न बसवलेली, तरी घट्ट जुळलेली.

"काका, हा कधी मोडला होता?"

बाबांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. "असाच पडलो होतो. ही तेव्हा आठ दिवसांची, हिची आई अंथरुणात. सांगतो कुणाला?"

"तो हात वर करा बघू."

डावा हात कानाला घासून सरळ वर गेला. त्याच हातावर गिलाव्याच्या मालाची पाटी पेलताना लेकीने त्यांना जन्मभर पाहिलं होतं. तिच्याच माणसाच्या आत, कुणाला न विचारता, एवढं मोठं काम होऊन गेलं होतं. तिने पेनाला टोपण लावलं.

"बाबा, तेव्हा खांद्याला आराम तरी दिलात का?"

"कसला आराम? तुला झोप त्याच खांद्यावर लागायची."