रोखलेला श्वास

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून डॉक्टरांनी धाप लागलेल्या एका बाईला घरी पाठवलं. "काही नाही, घाबरलीय नुसती," असं तिच्या नवऱ्याला सांगितलं. फुप्फुसातली गुठळी एक्स-रेत दिसतेच असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण सीटी स्कॅनचा व्याप कोण करणार? बाईने स्वतःच्या घराच्या जिन्यातच जीव सोडला.

आठवड्याने डॉक्टरांनाच धाप लागली. एक्स-रेच्या खोलीत ते मशीनला छाती टेकवून उभे राहिले.

"श्वास घ्या. रोखून धरा," काचेमागून बाईचा आवाज आला.

त्यांनी रोखला.

तेवढ्यात टेक्निशियन दारातून आत आला. "सर, दोन मिनिटं बसा ना. काचेमागे कुणीच नाहीये अजून."

डॉक्टर श्वास सोडायला गेले. तो सुटेना.

"सोडा म्हटलं का मी?" काचेमागून शांतपणे विचारलं गेलं.