अठ्ठावन्न ठोके

बाबा वाचले. नियम मोडून वाचले, म्हणून कागदोपत्री मात्र असं काही घडलेलंच नाही.

मी चालवत असलेल्या ड्रोनच्या कॅमेऱ्यात पुराने वेढलेलं एक छप्पर दिसलं आणि त्यावर माझे बाबा. माझ्या मनगटावरच्या पट्ट्याने लगेच नाडी मोजली, एकशे चाळीस. हा पट्टा काढायला सक्त मनाई आहे. चालक घाबरला की त्याचा गोंधळ नको म्हणून पडद्यावरची बटणं आपोआप कमी होतात. लाइफजॅकेट सोडायचं बटण सगळ्यात आधी गेलं.

"दीर्घ श्वास घे," यंत्रणा बनवणारी ताई म्हणाली.

"पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलंय, ताई. बंद कर हे."

"बंद करायचं बटणही गेलं रे."

तिने पट्टा काढून स्वतःला बांधला. एकशे साठ. पडद्यावर फक्त 'परत या' उरलं. मग आम्ही दोघांनीही शेजारच्या खुर्चीत घोरणाऱ्या साहेबांकडे पाहिलं.

पट्टा हळूच साहेबांच्या मनगटावर बांधला. अठ्ठावन्न. सगळी बटणं परत आली. जॅकेट बाबांच्या पायाशीच पडलं.

तरी सविनय विनंती, की यापुढे प्रत्येक मोहिमेला साहेबांना त्याच खुर्चीत, त्याच अवस्थेत हजर राहण्याचा लेखी आदेश व्हावा. अर्ज नियमानुसार साहेबांमार्फत सादर.