बादलीतलं शिळं पाणी

लग्न होऊन या घरात आल्यापासून नवऱ्याच्या लेकीला आपलंसं कसं करावं, या विचाराने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आज तिने माशांच्या टाकीजवळची बादली पाहिली, शिळं पाणी ओतून दिलं आणि नळाचं ताजं भरून ठेवलं. शाळेतून आलेली पोर ती बादली टाकीत रिकामी करणार, तोच हिने कौतुकाने सांगितलं, "ताजं भरलंय हं!"

पोरीचा हात थबकला. "अहो काकू! नळाच्या पाण्यात औषध असतं. दिवसभर उघडं ठेवायचं असतं ते, नाहीतर मासे मरतात."

हिने घाईने पुढे होऊन बादली धरली. पोरीने बादली हळूच खाली ठेवली.

"असू दे. बाबा म्हणतात, नवं पाणी वाईट नसतं. त्याला जरा वेळ द्यायचा."

"पाण्याबद्दलच म्हणतात ना?"

पोर पहिल्यांदाच हसली. "मलाही आधी तसंच वाटलं होतं, काकू."