एका कुंडीचा परवाना

सुनेत्राने त्या दुपारी वाटीभर मऊ भात खाल्ला आणि तो पोटात राहिला. ही बातमी आपण ऐकलेलीच नाही असं धरून चालू, कारण पावणेबारा वाजता, योकोहामातल्या त्या हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, असलं काही होईल यावर कुणाचाच विश्वास नव्हता. भाताचा तर मुळीच नव्हता.

केमोचा तिसरा डोस होऊन चार दिवस झाले होते. चार दिवसांत जे जे पोटात गेलं ते ते, पाण्यासकट, आल्या वाटेने परत गेलं होतं. सकाळी वजन भरलं अडतीस किलो. आजचं दुपारचं जेवण टिकलं नाही तर उद्या नाकातून नळी, आणि पुढचा डोस लांबणीवर, असं डॉक्टर सांगून गेले. सांगताना दोनदा वाकले. हे नळीसुद्धा वाकूनच घालतील, असं सुनेत्राच्या मनात आलं.

जेवण समोर आलं. तिने ट्रे जवळ ओढला. उलटीचा.

तेवढ्यात तिचा नवरा जगदीश आला. रजा काढून, दाढी न करता, बगलेत फाइल.

"सुप्रभाचा फॅक्स आलाय."

सुप्रभा म्हणजे सुनेत्राची बहीण, कॅलिफोर्नियात नर्स. तिथल्या लोकांनी नोव्हेंबरात मतदान करून ठरवलं होतं, की डॉक्टरने म्हटलं तर पेशंटला गांजा चालेल. केमोच्या उलट्यांवर बऱ्याच जणांना गुण येतो, भूक लागते, असं तिने खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं. फॅक्स ऑफिसच्या मशीनवर आल्यामुळे रीतीप्रमाणे सगळ्या विभागातून फिरला होता. मजकूर मराठीत, पण कोपऱ्यात 'वाचले' म्हणून आठ जणांचे शिक्के. साहेबांचा सर्वांत वर.

"मग? साहेब देणार आहेत?" सुनेत्राने विचारलं.

"इथे कायद्याने डॉक्टरसुद्धा देऊ शकत नाही. पण लागवडीचा परवाना असतो. इथल्या प्रांताचा गव्हर्नर देतो. सकाळी जाऊन फॉर्म आणला."

"आणि दिला त्यांनी?"

"दोन्ही हातांनी."

सुनेत्राने त्याच्याकडे नीट पाहिलं. जगदीश थट्टा करत नव्हता. तो इंजिनियर होता. समोर रकाने असले की त्याला धीर येई. गेले चार दिवस त्याला एकही रकाना मिळाला नव्हता.

"लागवडीचा उद्देश," त्याने वाचलं. "दोनच चौकोन आहेत. धागा, नाहीतर बी. उलटी नाहीये."

"धागा लिही. टॉवेल विणते म्हणावं."

"खोटं नाही लिहिणार मी."

"मग काढ की तिसरा चौकोन."

त्याने खिशातून पट्टी काढली आणि खरंच तिसरा चौकोन आखला. "शेताचं क्षेत्रफळ. हेक्टरमध्ये."

"कुठलं शेत रे?"

"घरच्या बाल्कनीतलं, सहाव्या मजल्यावरचं. थंडीत तुळस गेली ना, ती कुंडी रिकामीच आहे."

"तुळशीच्या कुंडीत गांजा! आईंना कळलं तर?"

"आईकडे फॅक्स नाहीये."

नर्स ओगावा-सान ताप बघायला आली ती फॉर्म बघत उभी राहिली. वरपासून खालपर्यंत वाचून तिचा चेहरा गंभीर झाला. जगदीश अटकेच्या तयारीत उभा राहिला.

"कुंडी केवढी आहे?" तिने विचारलं.

"तीस सेंटिमीटर बाय तीस."

"मग पॉइंटनंतर पाच शून्यं हवीत. तुम्ही चारच दिलीत. एवढी जमीन तुमच्याकडे नाही."

दोघांनी मिळून शून्यं मोजली. पुन्हा मोजली. ओगावा-सानने पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. "चोरी होऊ नये म्हणून बंदोबस्त?"

"सातो-आजी," सुनेत्रा पलंगावरून म्हणाली. "शेजारच्या. आमची कचऱ्याची पिशवी रोज उघडून बघतात. प्लास्टिक चुकून गेलं तर दारात आणून ठेवतात. गांजा काय सोडणार आहेत!"

जगदीशने प्रामाणिकपणे लिहिलं: 'सातो-आजी, चोवीस तास.' सुनेत्राला हसू आलं. बरगड्या दुखल्या तरी थांबेना. हसता हसता तिच्या लक्षात आलं की हातात चमचा आहे आणि वाटी अर्धी झाली आहे. ओगावा-सानने वाटीकडे पाहिलं नाही. फारच मन लावून पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे मात्र एकदा पाहिलं आणि सहावं शून्य लागेल का, असा नवाच वाद काढला.

सव्वा वाजला. वाटी रिकामी होती आणि ट्रे कोरडा. गुण सकाळी दिलेल्या उलटीवरच्या इंजेक्शनचा की शून्यांचा, याचा निकाल लागला नाही. तक्त्यावर नोंद झाली, 'जेवण: पूर्ण'. नळीचं नाव कुणी काढलं नाही.

"शेवटचा रकाना," जगदीश म्हणाला. "कापणीच्या वेळी सरकारी पाहणी होते. तेव्हा शेतावर कोण हजर राहणार, त्याचं नाव. कापणी म्हणजे..." तो अडखळला. "ऑक्टोबर."

मार्च चालू होता. ऑक्टोबरबद्दल अजून एकाही डॉक्टरने तोंड उघडलं नव्हतं.

"माझं नाव घाल," सुनेत्रा म्हणाली. "आणि खाली जागा आहे ना, तिथे मी सांगते ते लिही."

तिने सांगितलं, जगदीशने जपानीत लिहिलं. 'यावे' हे गव्हर्नरला फार उद्धट होईल, म्हणून ओगावा-सानने तेवढं बदलून दिलं. मग जगदीशने सहीच्या जागी आपला शिक्का मारला. मजकूर असा:

'कापणीच्या पाहणीसाठी माननीय गव्हर्नरसाहेबांनी येत्या ऑक्टोबरात सहाव्या मजल्यावरील आमच्या शेतावर जातीने पायधूळ झाडावी, ही नम्र विनंती. त्या वेळी सुनेत्रा जगदीश कारखानीस स्वतः हजर राहतील. साहेबांनी भुकेल्या पोटी येण्याची कृपा करावी.'