सगळं दिसत होतं

नीटच्या क्लाससाठी शिवकन्येला लातूरच्या हॉस्टेलात ठेवलं, तेव्हा विश्वंभररावांनी तिच्या नकळत तिच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून घेतलं. तिचा प्रत्येक मेसेज त्यांना गावी देवणीत बसून वाचता यायचा. पोरीची काही भानगड निघते की काय, ही धास्ती होती. निघालं भलतंच. रूममधल्या राजश्रीला ती लिहायची, "मला जमंना गेलंय. घास उतरंना. पप्पांना सांगावं वाटतंय, पण धीर होईना."

वाचून विश्वंभररावांचा जीव खालीवर व्हायचा. पण विचारावं, तर बाप चोरून वाचतो हे पोरीला कळणार. मग ते एसटीनं जाणाऱ्या डब्यात दोन धपाटे जास्तीचे टाकायला लावायचे आणि फोनवर एवढंच विचारायचे, "अभ्यास चाललाय ना?"

"हाव," ती म्हणायची.

एक दिवस मेसेज दिसला, "आता कुणालाच काही सांगणार नाही." ते हातातलं काम टाकून तसेच लातूरला गेले. शिवकन्या हॉस्टेलच्या पायरीवर बसली होती. अंगातला ड्रेस पार ढगळा झाला होता.

"पप्पा, ते ॲप बंद पडलं होतं का?" तिनं हळू आवाजात विचारलं.

विश्वंभररावांची मान खाली गेली. "न्हाई बाई. सगळं दिसत होतं. पण तू राजश्रीला लिहिलेलं मी कसं..."

"राजश्रीला मेसेज कशाला करू, पप्पा? ती माझ्या शेजारच्याच कॉटवर झोपती."