खिंड बंद होण्याआधी

सायकालचा थोरला मुलगा रशियात बांधकामावरून पडून वारला. आता धाकटा तेमिरही दोन दिवसांनी तिकडेच निघणार होता. मेंढपाळ म्हणत होते, मोठं हिमवादळ येतंय. सायकाल त्या वादळाची सणासारखी वाट बघत होती. गावाबाहेर जायची एकमेव खिंड बंद झाली की वसंतापर्यंत पोरगा घरात! तिने गोवऱ्या रचल्या, पीठ भरलं, घोड्याचं मांस खारवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तेमिर बॅग घेऊन दारात उभा. "आई, उद्या वादळ आहे म्हणे. ट्रकवाला आजच निघतोय." "अरे, चहा तरी घे!" "पोचल्यावर फोन करतो. रडू नकोस गं." दुपारीच वादळ कोसळलं. ट्रक अजून खिंडीतच असणार. सायकाल अंगणात गुडघे टेकून ओरडली, "अल्ला, नको मला वादळ! थांबव!" वादळ पाच दिवस थांबलं नाही. सहाव्या दिवशी गावकरी फावडी घेऊन निघाले; तिने कुठे म्हणून विचारलंही नाही.